डब्यातली कॅज्युअल्टी

प्रिय अनया आणि ईशान,

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे रुग्णसेवेतल्या चाळीस वर्षांवर लेख मागितला होता. चाळीस वर्षं एका लेखात मावत नाहीत, आणि मावली तरी कुणी शेवटपर्यंत वाचणार नाही. म्हणून मी त्यांना कळवलं, की मी नातवंडांना एक पत्र लिहीन, त्यात निवृत्तीनंतर केलेलं एकच काम असेल आणि त्यात माझ्या हातून झालेली एक चूक असेल. त्यांना चालणार होतं.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझं इंग्रजी चांगलं आहे. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते आणि त्यांनी हट्टाने मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. पण या गोष्टीतली माणसं मराठीत बोलली. त्यांचं बोलणं मी इंग्रजीत घालून पाहिलं, तर ती दुसरीच कुणीतरी वाटायला लागली. तेव्हा तुमची आई वाचून दाखवेल. अडेल तिथे तिला थांबवा.

मागच्या सुट्टीत तुम्ही नाशिकला आलात तेव्हा ईशानने त्याचा खेळायचा हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला होता. "आजी, खुर्चीत बस, नाहीतर पडशील," असं तो म्हणाला. मी बसले नाही. पाय जरा फाकवून उभी राहिले, मागचा पट्टा ओढून घट्ट केला आणि डावीकडे-उजवीकडे पाहून घेतलं. तो म्हणाला, "तुला हे येतं?" मी म्हटलं, "मी हे शिकवते." त्यावर तुम्ही दोघं पोट धरून हसलात. जेवायची वेळ झाली होती, म्हणून मी ताटं वाढायला गेले. पण ते खरं होतं.

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमधल्या सगळ्या इस्पितळांना जाग येते. काही लाख माणसं एका नदीच्या काठावर जमणार, म्हणजे काही विपरीत झालं तर जखमी एकेक करून येणार नाहीत, एकदम येणार. त्यासाठी नर्सेसना आधीच तयार करायला हवं. पूर्वी आम्ही हे मैदानात करायचो. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना लाल शाई फासून आडवं झोपवायचं आणि शिट्टी वाजवायची. जखमींना हसू आवरायचं नाही. आता हेडसेट आले आहेत. डोक्यावर चढवला की समोर घाट दिसतो, तुटलेला कठडा दिसतो, पायऱ्यांवर पडलेली माणसं दिसतात, आणि मान वळवावी तिकडे गर्दी. आमच्या सिस्टर त्याला 'डबा' म्हणतात. "मॅडम, माझा डबा कधी?" असं विचारतात, आणि नवीन माणसाला वाटतं जेवणाचं चाललंय.

मी सेवेतून निवृत्त झाल्याला दहा वर्षं झाली. एका ट्रस्टच्या इस्पितळात मी कॅज्युअल्टीची, म्हणजे अपघात विभागाची, इनचार्ज होते, नंतर काही वर्षं तिथल्याच नर्सिंग स्कूलमध्ये शिकवलं. या प्रशिक्षणासाठी कुणीतरी माझं नाव सुचवलं. गुडघे दुखतात, दुपारी झोप लागते, हे मी सांगितलं होतं. "तुम्हाला फक्त बसून बघायचंय," असं उत्तर आलं.

फक्त बसून बघायचं नव्हतं. हेडसेटमध्ये जो अपघात भरलेला होता तो परदेशातला होता. रुंद रस्ता, सुटाबुटातली माणसं, साखळीला बांधलेलं कुत्रं. पहिल्याच दिवशी एक सिस्टर म्हणाली, "मॅडम, इथं जखमीपेक्षा कुत्र्याचे कपडे चांगले आहेत." मग ते सगळं बदलून नाशिकचं करायचं ठरलं. पुण्याहून कुणाल नावाचा इंजिनिअर आला होता. वय अठ्ठावीस, नम्र, सतत कोल्ड कॉफी पिणारा. तो म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे असं काही झालं तर तिथे कोण कोण असतं याची मला एक यादी द्या. मी सगळ्यांना उभं करतो."

यादी करणं हा माझा आवडता उद्योग आहे, हे तुमच्या आईला विचारा. मी दोन दिवस बसून दोन पानी यादी केली, सुवाच्य अक्षरात, आणि झेरॉक्स काढून फाइलला लावली. कुणालने ती वाचली आणि म्हणाला, "यात फोटो काढणारा माणूस पण आहे, आणि गाय पण." मी म्हटलं, "असतेच." त्याने दोन्ही उभे केले.

आता काम काय असतं ते सांगते. एकदम वीस जखमी आले आणि नर्स चार असल्या, तर जो सगळ्यात जास्त ओरडतो त्याच्याकडे पहिल्यांदा जायचं नसतं. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. प्रत्येकापाशी अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं नाही. श्वास बघायचा, नाडी बघायची, बोललेलं कळतंय का बघायचं, आणि त्या माणसाला रंगाची पट्टी लावून पुढे जायचं. हिरवी म्हणजे चालू शकतो, थांबू दे. पिवळी म्हणजे गंभीर, पण थोडा वेळ आहे. लाल म्हणजे आत्ता उचला. आणि काळी म्हणजे गेलेला, किंवा श्वास चालू असला तरी आपल्या हातात आहे तेवढ्यात वाचणार नाही असा. काळी लावायची आणि पुढे चालायचं. याला ट्रायाज म्हणतात. शिकायला एक दुपार लागते.

प्रत्येक तुकडीला मी सुरुवातीला माझा एक अनुभव सांगायचे. तो असा. आमच्या कॅज्युअल्टीत सहा खाटा होत्या. एका सकाळी हायवेवर ट्रकने पिकअपला धडक दिली आणि बाजाराला निघालेली वीस-बावीस माणसं आमच्या दारात आली. दोन्ही डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. रंगाच्या पट्ट्या तेव्हा आम्ही पुस्तकातच पाहिलेल्या. मी चिकटपट्टीचं रीळ घेतलं आणि प्रत्येकाच्या कपाळावर पट्ट्या लावत गेले. एक पट्टी म्हणजे थांबू शकतो, दोन म्हणजे आधी घ्या. बायकांच्या कपाळावर लावली तर कुंकू पुसलं जाईल, म्हणून त्यांना हनुवटीवर लावली. त्या गडबडीत हे सुचलं याचं मला अजून बरं वाटतं. दाराशी पन्नाशीचा एक माणूस होता, विंचूरच्या कांदा मार्केटातला मापाडी. छाती पूर्ण दबलेली. शुद्धीवर होता. "बाई, पाणी," म्हणाला. मी त्याच्या कपाळावर दोन पट्ट्यांची फुली केली, म्हणजे आजची काळी, आणि पुढे गेले. त्याच्या मागे तीन जण दोन पट्ट्यांचे निघाले. तिघंही वाचले. मी त्याच्याजवळ थांबले असते तर तिघांपैकी किमान एक गेला असता.

माझी गोष्ट तिथे संपायची. हा अनुभव मी किती वेळा सांगितला असेल, सत्कारात, शिबिरात, वर्गात, याची मोजदाद नाही. सांगून सांगून तो गुळगुळीत झाला होता. नियम बरोबर होता हेच त्यातून निघायचं, आणि नियम बरोबरच आहे. हे पत्र संपल्यावरही माझं मत तेच असेल.

डब्यात येणाऱ्या मंडळींचे नाना प्रकार होते. एक वयस्क सिस्टर अंबाडा सोडायला तयार नव्हती, त्यामुळे डबा डोक्यावर तिरका बसायचा आणि तिला सगळा घाट कलता दिसायचा. तरी ती उत्तम गुणांनी पास झाली. मालेगावहून रफिकभाई नावाचे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आले होते, तीस वर्षं नोकरी झालेले. डब्यातल्या गर्दीला ते अदबीने म्हणत राहिले, "भाईजान, जरा हटो, हवा आने दो." गर्दी हटेना, कारण तिला ऐकूच येत नाही. शेवटी डबा काढून म्हणाले, "मॅडम, आमच्या मालेगावात एवढं म्हटलं की निम्मे लोक बाजूला होतात आणि निम्मे उचलायला येतात. ही माणसं कुठली आणलीत?" कुणालने ते वहीत लिहून घेतलं.

आणि वैशाली. सुरगाण्याकडची, अठ्ठावीस-तीस वर्षांची, बारीक अंगाची. ग्रामीण रुग्णालयात चार वर्षं काढून नाशिकच्या एका इस्पितळात करारावर लागली होती. तीन वर्षं वाट पाहून तिला कॅज्युअल्टी मिळाली होती. तिच्या इस्पितळाने ठरवलं होतं, की डब्याची परीक्षा पास असतील त्यांनाच कॅज्युअल्टीत ठेवायचं. बाकीच्या कायम नोकरीवाल्या दुसऱ्या वॉर्डात गेल्या असत्या. वैशालीचा नवा करार कॅज्युअल्टीपुरताच होता. पास झाली नाही तर महिनाअखेर घरी. मुलगी नुकती इथल्या शाळेत पहिलीला बसली होती. परीक्षेच्या तीन संधी असतात.

खोली रिकामी असते, जमिनीवर मॅट टाकलेल्या. शिकणारी एकटी आत, डबा घालून. आम्ही काचेपलीकडे टेबलाशी. ती काय बघते ते आम्हाला पडद्यावर दिसतं. आवाजही येतो, पण डब्यातला आक्रोश दर चाळीस सेकंदांनी तोच तोच असतो. एकच बाई त्याच सुरात "माझं बाळ" म्हणते. आठवडाभर ऐकून माझं डोकं उठलं. मी कुणालला सांगून आमच्या बाजूचा आवाज बंद करून घेतला होता.

त्यामुळे वैशाली मला फक्त दिसली. पहिल्या खेपेला तिने सुरुवात छान केली. हात चपळ, रंग अचूक. मग पहिली काळी पट्टी आली. तिने ती लावली आणि उभी राहिली. मान मागे वळवली, उजवीकडे, डावीकडे, काहीतरी शोधल्यासारखी. दहा-बारा सेकंद गेले. मग निघाली. दुसऱ्या काळ्या पट्टीपाशी तेच, तिसऱ्यापाशी तेच. शेवटच्या पायरीवर हिरव्या साडीतली एक बाई ठेवलेली आहे, मांडीतून रक्त जाणारी. वेळेत पोचलं तर लाल पट्टी, नाहीतर ती मरते. वैशाली पोचली तेव्हा ती मेलेली होती.

दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. तिसऱ्या खेपेलाही. कुणाल म्हणाला, "मॅडम, ही हँग होते."

तिसऱ्या खेपेनंतर ती डबा काढून बाहेर आली. कपाळावर आणि गालांवर रबराचे लाल वळ उठले होते.

"मॅडम, ती हिरव्या साडीवाली आज पण गेली का?"

"गेली."

"मला वाटलं या टायमाला पोचले."

"वैशाली, तू काळी पट्टी लावून थांबतेस. पुढे का जात नाहीस?"

"थांबत नाय मॅडम. मी फक्त..."

"फक्त काय?"

तिने कुणालकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय नाय," म्हणाली.

मी तिला मापाड्याची गोष्ट पुन्हा ऐकवली. ती उभ्याने ऐकत राहिली. मी सांगितलं, की मन घट्ट नसेल तर कॅज्युअल्टी हे आपलं ठिकाण नव्हे, आणि त्यात लाज नाही. ती "हो मॅडम" म्हणाली आणि पर्स घेऊन गेली. मी फॉर्मवर 'अपात्र' या शब्दापुढे खूण केली आणि सही केली. मला वाईट वाटलं, पण फार नाही. दमले होते. त्या दिवशी ती माझी सहावी होती.

फॉर्मच्या खाली अपात्रतेची कारणं लिहायला तीन ओळी असतात. बाकीचे लोक 'वेळ अपुरा' एवढं लिहून सोडतात. मला तीन ओळी असतील तर तीन लिहायच्या असतात. म्हणून मी कुणालकडून तिचं रेकॉर्डिंग मागितलं आणि कानाला लावून ऐकलं. डब्याला बोलणाऱ्याचा आवाज टिपणारा माइक असतो. आक्रोश त्यात नव्हता, नुसती वैशाली होती. धापा टाकत ती प्रत्येकाला सांगत होती, "दादा, मी सिस्टर. हात दाबा माझा. हां." डब्यातल्या माणसांना ऐकू येत नाही हे तिला तीनदा सांगितलं होतं, तरी ती सांगतच होती.

मग पहिली काळी पट्टी आली. तिथे ती म्हणाली, "मावशी, हितं बसा जरा यांच्यापाशी." आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "मावशी? अवो मावशी?" मग श्वास ऐकू आला आणि ती पुढे गेली.

कुणाल शेजारी उभा होता. "मॅडम, ती कुणाशी बोलतेय? तिची मावशी होती का खोलीत?"

तुम्हालाही तोच प्रश्न पडला असेल. तुमच्या लेखी मावशी म्हणजे आईची बहीण. इस्पितळात मावशी म्हणजे वॉर्डातली कामवाली बाई. पांघरूण बदलणारी, भांडं देणारी, स्ट्रेचर ढकलणारी, मेलेल्याला पुसून बांधून देणारी. कागदावर तिचं पद काहीतरी वेगळं असतं, ते कुणी वापरत नाही. सिस्टरच्या मागे तीन पावलांवर मावशी असते. सिस्टरने एक माणूस सोडून दुसऱ्याकडे जायचं, आणि सोडलेल्यापाशी मावशीने राहायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही. मी वर्गात कधी शिकवलं नाही, कारण ते शिकवायचं असतं हे मला कधी सुचलं नाही. वैशालीने ग्रामीण रुग्णालयात चार वर्षं एका मावशीच्या भरवशावर काढली होती. तिच्या हाताला दुसरी पद्धत माहीतच नव्हती.

मी फाइल उघडून माझी यादी काढली. डॉक्टर दोन. सिस्टर चार. ब्रदर एक. अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. पोलीस दोन. नातेवाईक, रडणारे आणि भांडणारे असे वेगवेगळे. होमगार्ड. फोटो काढणारा माणूस. फुलांच्या टोपल्या घेऊन वाटेत बसलेल्या दोन बाया. गाय. मी दोन्ही पानं उलटसुलट पाहिली. मावशी नव्हती.

मग मला माझाच आवाज आठवला, त्या अपघाताच्या सकाळचा. मापाड्याच्या कपाळावर फुली करून मी पुढे गेले ते नुसती गेले नव्हते. मीही मागे न बघता म्हटलं होतं, "मावशी, इथे बसा." आणि मागून उत्तर आलं होतं. ते उत्तर आल्यावरच माझे पाय उचलले होते. इतक्या वर्षांत, इतक्या वेळा सांगताना, ते मी गोष्टीतून कधी गाळलं हे मला आठवत नाही. मुद्दाम गाळलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलं नसणार.

त्या मावशीचं नाव हौसाबाई. मखमलाबादच्या बाजूला त्यांच्या घरची फुलांची शेती होती आणि सकाळच्या पाळीला त्या येताना शेवंतीचा वास घेऊन यायच्या. निवृत्त झाल्यावर आमची दोनदा भेट झाली, दोन्ही वेळा लग्नात. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी त्यांच्याकडे गेले. त्या ओट्यावर बसून देठं खुडत होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली, डोळ्यांना कमी दिसतं. आवाजावरून ओळखलं.

"सिस्टर? आज वाट चुकली काय?"

"चुकलेच, मावशी."

चहा झाला. मी त्यांना डब्याचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे त्या डब्यात माणसं मरत्यात, पण खरी नाय."

"हो."

"आन गाय बी हाय."

"आहे."

"मग बरंय. गायीला तरी जागा भेटली." आणि खळखळून हसल्या. माझी मान खाली गेली तसं म्हणाल्या, "आवो, मला काय करायचंय त्या डब्यात जाऊन? तितं बी फडकंच मारायला लावाल."

मी विचारलं, "तो मापाडी आठवतो का? छातीवर मार लागलेला?"

"न आठवाया काय झालं. माझा हात धरून व्हता की."

"किती वेळ?"

"घड्याळ कुठं व्हतं माझ्याकडं? लय येळ नाय. कापूस वला करून व्हटाला लावला. तर तो इचारायला लागला, त्या बाई परत येत्यात ना? मी म्हनलं, येत्यात. आत्ता येत्यात. तुमच्या नावानं खोटं बोलले मी." देठं बाजूला सारत त्या म्हणाल्या, "तुमी काय येनार नव्हत्या. तुमचं तिकडं चाललं व्हतं, ते मला दिसत व्हतं. पन त्याला काय म्हनू?"

मी म्हटलं, "हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तुमी इचारलं कुठं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. निघताना त्यांनी मला पिशवीभर शेवंती दिली. दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलनीतल्या विहारात ती वाहिली, तेव्हाही मी 'तुमी इचारलं कुठं?' हेच मनात फिरवत होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते कंटाळवाणं आहे. मी माझी सही मागे घेण्याचा अर्ज दिला. असा अर्ज आजवर कुणी दिलेला नव्हता, म्हणून तो कुठे लावायचा हे कुणाला कळेना. कुणालला मी म्हटलं, डब्यात एक मावशी उभी कर. तो मनापासून ओशाळला. "मॅडम, पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की. आत्ता हात लावला तर आतापर्यंतच्या सगळ्यांचे निकाल पुन्हा तपासावे लागतील." पुढचं व्हर्जन सहा महिन्यांनी येणार होतं. वैशालीचा करार नऊ दिवसांनी संपत होता.

मी तीन दिवस तीन टेबलांपुढे बसले. एका साहेबांनी विचारलं, "पण मावशी ट्रायाज करतात का?" मी म्हटलं, "नाही. त्या असतात म्हणून सिस्टर ट्रायाज करू शकते." त्यांनी मान हलवली, म्हणजे कळलं नाही. शेवटी परवानगी मिळाली ती या मुद्द्यावर, की यादी अपुरी होती ही परीक्षकाची चूक आहे आणि परीक्षकाने ती लेखी मान्य केली आहे. चाळीस वर्षांत माझ्या फाइलला लागलेला तो पहिला ठपका. झेरॉक्स माझ्याकडे आहे. एक जादा संधी मिळाली, आणि खोलीत मावशी म्हणून एक माणूस उभं करण्याची मुभा. डब्यात नाही, खोलीत.

मी वैशालीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, मी सामान बांधायला काढलं होतं." मी म्हटलं, "सोमवारी दहाला ये. दहा म्हणजे दहा."

मावशी कुणी व्हायचं हा प्रश्न होता. हौसाबाईंना आणावं असं मनात आलं, पण त्यांचे डोळे आणि जिना, दोन्ही नडले. कुणाल म्हणाला मी होतो. मी म्हटलं, तुला 'मावशी' अशी हाक मारली तर ती हसत सुटेल आणि हिरव्या साडीवाली पुन्हा मरेल.

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला घोर नको. वैशाली पास झाली. ती आजही कॅज्युअल्टीत आहे आणि तिची मुलगी दुसरीत गेली. सगळा निकाल पुढे येणाऱ्या एका वाक्याने लागला असं मात्र समजू नका. नीट चालायचं कसं हे तिला आधीपासूनच माहीत होतं.

सोमवारी तिने डबा चढवला. मी तिच्या मागे तीन पावलांवर उभी राहिले, कडक इस्त्रीच्या साडीत, अनवाणी. मला घाट दिसत नव्हता. पांढऱ्या भिंती, निळ्या मॅट आणि हातात काही नसताना वाकून काहीतरी करणारी एक बारीक मुलगी, एवढंच दिसत होतं. "दादा, मी सिस्टर. हात दाबा माझा." ती एकाकडून दुसऱ्याकडे सरकत होती. मग ती एका जागी वाकली, कमरेच्या पट्ट्यातून काहीतरी काढल्यासारखं केलं, हवेत लावलं आणि तिथेच थांबली. बाहेरून कुणालने बोट वर केलं. काळी.

"मावशी," ती म्हणाली, "हितं बसा जरा यांच्यापाशी."

मी पुढे झाले. मी म्हणणार होते ते वाक्य घरी ठरवून आले होते, शुद्ध मराठीतलं. तोंडातून आलं ते हौसाबाईंचं, त्या सकाळी माझ्या मागून आलं होतं तेच.

"तुमी चाला सिस्टर. मी हाय इथं."

वैशालीचे खांदे खाली आले. तिने मान वळवली नाही. ती निघून गेली.

मी भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. दुसऱ्या काळ्या पट्टीपाशी तिने हाक मारली तेव्हा मी बसल्या जागेवरून मोठ्याने ओ दिली, तिसऱ्यालाही. तिला तेवढं पुरलं. पडद्यावर ती शेवटच्या पायरीपर्यंत कधी पोचली ते मला कळलं नाही. काचेपलीकडे कुणालने दोन्ही हात वर केले तेव्हा समजलं, की हिरव्या साडीतली बाई वाचली.

डबा काढून वैशाली माझ्याकडे आली. "मॅडम, उठा. झालं."

मी म्हटलं, "तू हो पुढे. मी येते."

तिला वाटलं गुडघ्यामुळे. गुडघेही होतेच. ती बाहेर गेली, कुणालने दिवे कमी केले, आणि मी त्या निळ्या मॅटवर, जिथे कुणीच नव्हतं तिथे हात टेकून, आणखी थोडा वेळ बसून राहिले.

तुमची,
आजी